पटावरची नाडी

पाथरघळात मी कुणालाही ‘बरं आहे ना?’ असं विचारत नाही. विचारलं की माणूस घाबरतो. मागच्या वर्षी बसथांब्यावर वडे तळणाऱ्या बबनला मी सहज म्हणालो, “काय बबनदा, तब्येत काय म्हणते?” तर त्याच्या हातातला झाराच तेलात पडला.

“का ओ कासुर्डे साहेब? माझ्या नावावर काय आलंय का?”

काहीही आलं नव्हतं. तसं शपथेवर सांगितलं, तरी गड्याला पटेना. दुपारी दुकान बंद करून बायकोला घेऊन तो दवाखान्यात हजर. बायको रडतेय, हा छातीला हात लावून बसलाय, आणि डॉक्टर मुजावर मॅडम दोघांची समजूत घालतायत. शेवटी मॅडमनी मलाच झापलं. तेव्हापासून मी तोंडाला कुलूप घातलंय. रस्त्यात कुणी भेटलं तर क्रिकेटवर बोलतो, घाटातल्या खड्ड्यांवर बोलतो आणि पुढं सटकतो.

मी हेमंत कासुर्डे, पाथरघळच्या ग्रामीण रुग्णालयाचा लेखापाल. शिक्षण बी.कॉम. मला साधा खोकला कसला ते कळत नाही. पण इथल्या माणसांची मोठी दुखणी डॉक्टरांच्या आधी मला कळतात, आणि त्याला कारण आमचा जोशीबुवा.

जोशीबुवा म्हणजे यंत्र. त्याचं सरकारी नाव शिक्क्यावर मावत नाही एवढं लांब आहे, म्हणून लोकांनीच हे नाव ठेवलं. प्रत्येकाच्या मनगटाला आत एक पातळ पट्टी चिकटवलेली असते, तिला नाडीपट्टी म्हणतात. हृदयाचा ठोका पडला की रक्तवाहिनीतून एक लाट पुढं जाते. वाहिनीला फाटे फुटतात तिथं ती आपटते आणि तिचा थोडा भाग माघारी फिरतो. विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो, तसंच. वाहिनी लवचीक असेल तर ही परतीची लाट निवांत येते. वाहिनी ताठर झाली की ती घाईनं येते आणि हृदय ऐन कामात असताना त्याला धडकते. आपण मनगटावर बोट ठेवलं तर हे काही कळत नाही. जोशीबुवाला कळतं, कारण राज्यातल्या कोट्यवधी मनगटांचे ठोके त्यानं ऐकलेत, आणि त्यातल्या कुणाचं पुढं काय झालं तेही त्याला सांगितलं गेलंय. त्यामुळे हृदयाचं, किडनीचं, साखरेचं मोठं दुखणं यायचं असलं की काही आठवडे आधी तो इशारा देतो. दर वेळी खरं होतं असं नाही. बहुतेक वेळा होतं.

यंत्र शोधलं डॉक्टरांनी, पण ते राबवलं वित्त विभागानं, आणि खरी मेख तिथं आहे. मी नोकरीला लागलो तेव्हाचा कारभार मला चांगला आठवतो. कागदावर सगळ्यांना उपचार मोफत. प्रत्यक्षात गेल्या वर्षीच्या खर्चात चिमूटभर भर घालून यंदाचं अनुदान, तेही हप्त्याहप्त्यानं. शेवटचा मोठा हप्ता फेब्रुवारी संपता संपता यायचा. वर्षभर सलाइन नाही, सुया नाहीत, आणि मार्चमध्ये पैसा परत जाईल म्हणून खुर्च्या घ्या, पडदे घ्या, जे दिसेल ते घ्या. माणूस श्रावणात आजारी पडायचा आणि त्याचा पैसा शिमग्याला यायचा. तोवर त्या घरानं म्हैस विकलेली असायची.

आता तसं नाही. जोशीबुवानं दुखणं वर्तवलं की त्या माणसाच्या नावाची तरतूद त्याच्या आरोग्यघरात, म्हणजे ज्या रुग्णालयाच्या पटावर त्याचं नाव आहे तिथं, त्याच दिवशी जमा होते. दुखणं यायच्या आधी पैसा दारात हजर. मी दिवसभर कुरकुर करतो, तो माझा स्वभावच आहे; पण गेल्या कित्येक वर्षांत पाथरघळात दवाखान्यापायी कुणाची म्हैस विकली गेलेली नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

फक्त प्रणाली वित्त विभागाची असल्यानं तरतुदीची सूचना आधी लेखापालाला येते. मी ती जमेला घ्यायची, मग डॉक्टरांना कळतं, मग डॉक्टर त्या माणसाला बोलावून घेतात. तेवढा वेळ ते दुखणं एकट्या मला माहीत असतं, आणि मी बोलायचं नाही असा नियम आहे. कधी कधी तो माणूस खिडकीसमोरून हसत हसत जातो, हात करतो. मीही हात करतो. काय करणार?

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कोषागाराला कायम संशय, की मेलेल्या माणसाच्या नावावर कुणी पैसा अडवून ठेवलाय. पूर्वी पेन्शनवाले म्हातारे दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांगा लावायचे. आता नाडी हाच दाखला. म्हणून माझ्या पडद्यावर पटावरच्या प्रत्येक नावापुढं त्याची नाडी चालू दिसते. दुसरं काही दिसत नाही. फक्त नाव, आणि आत्ता या क्षणी ठोके किती.

त्या पटावर एक नाव आहे वृषाली जगताप. माझी बायको.

वृषाली नागपुरात असते. मुलांना गणित कसं शिकवावं हे ती शिक्षकांना शिकवते, आणि त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नाही. तिला नागपूरच्या संस्थेत बोलावणं आलं तेव्हा ती म्हणाली, “चल माझ्याबरोबर.” मी म्हणालो, “तू थांब ना इथंच.” महिनाभर आम्ही हेच बोललो. भांडलो नाही, वकिलाकडं गेलो नाही, कुणी कुणाला फसवलं नाही. मला हे गाव सोडवेना आणि तिला इथं राहवेना. निघताना गाडीत बॅग ठेवता ठेवता ती म्हणाली, “हेमंत, तुझ्या वर्षात दोनच ऋतू असतात रे. एक मार्च, आणि एक मार्चची तयारी.” आणि हसली. ते हसणं माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही.

सुरुवातीला फोन व्हायचे. मग सणासुदीला. मग नुसते निरोप. तिनं विचारायचं, “जेवलास का?” मी लिहायचं, “हो.” एवढ्यावर संसार किती दिवस चालणार?

पण तिनं पटावरचं नाव काही बदललं नाही. नियम असा, की राहता तिथल्या रुग्णालयात नाव लावा, कारण तुमचा पैसा तिथंच येणार. नागपूरला गेलेल्या सगळ्यांनी पहिल्या महिन्यात नावं हलवली. वृषालीचं नाव पाथरघळच्या पटावरच राहिलं. मी तिला कधी कारण विचारलं नाही. विचारलं तर ‘अरे हो, राहूनच गेलं’ म्हणून ती लगेच बदलून टाकेल, या भीतीनं माझी जीभ रेटायची नाही.

मग माझा दिवस असा सुरू व्हायचा. चहाचा कप टेबलावर, संगणक चालू, पट उघडायचा, आणि थेट ‘ज’पर्यंत खाली जायचं. वृषाली जगताप, अडुसष्ट. म्हणजे उठलीय. ब्याण्णव, म्हणजे चालत कामाला निघाली, रिक्षा केलेली नाही. अकराच्या सुमाराला एकदम वर गेली की समजायचं, कुणीतरी वर्गात मठ्ठासारखं काहीतरी बोललंय आणि बाईसाहेब भडकल्यात. रविवारी उशिरापर्यंत बावन्न-त्रेपन्न. मी इकडं भाजी निवडत मनात म्हणायचो, झोप बाई, झोप.

गेल्या वर्षी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला दुपारी तिची नाडी अचानक चढली. बराच वेळ चढलेली राहिली, मग उतरली, मग पुन्हा चढली. मी आठवडाभर त्याचा अर्थ लावत बसलो. माझी आठवण आली असेल? रडली असेल? शेवटी स्वतःलाच म्हणालो, गप बस, लिफ्ट बंद पडली असेल. पण तिला फोन करून विचारलं नाही.

मला ती हवी होती. घरात कुणीतरी सोबतीला असावं म्हणून नव्हे. भाजी निवडताना समोर बसून माझ्या चुका काढणारी तीच, तिच्या त्याच चिडक्या आवाजासकट हवी होती. आणि आहे काय, तर एक आकडा. पण रोज येणारा आकडा.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातला मंगळवार होता. मी सकाळच्या तरतुदी जमेला घेत होतो. एक किडनी, एक साखर. तिसरी सूचना उघडली.

जगताप वृषाली. हृदय, रक्तवाहिनी. शस्त्रक्रिया. संभाव्य मुदत सहा आठवड्यांच्या आत.

बाजूला तिची नाडी चालूच होती, एकाहत्तर. तिला काही पत्ताच नव्हता. वर्गात शिकवत असेल, नाहीतर डबा खात असेल. मी इतकी वर्षं लोकांची दुखणी आधी वाचत आलोय आणि मुकाट जमेला घेत आलोय. त्या दिवशी मात्र मी ते जमेला घेतलं आणि नियम वगैरे बाजूला ठेवून धावत डॉक्टर मुजावरांच्या खोलीत गेलो.

तमन्ना मुजावर आमच्या वैद्यकीय अधिकारी. वयानं माझ्या पुतणीएवढ्या, कामात वाघीण. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि समोरच्या पेशंटला बाहेर बसायला सांगितलं.

“काका, बसा आधी. पाणी घ्या.”

मी सांगितलं. त्यांनी आपला पडदा उघडून सगळं नीट वाचलं, मग नागपूरला फोन लावला. मला म्हणाल्या, “तुम्ही बाहेर थांबा. हे मी डॉक्टर म्हणून त्यांना सांगणार आहे.”

मी ओट्यावर जाऊन बसलो. अर्ध्या तासानं त्या स्वतः बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या.

“शांतपणे ऐकलं त्यांनी. हल्ली जिना चढताना धाप लागते म्हणाल्या, वयामुळं असेल समजत होत्या. ऐका काका, घाबरण्यासारखं आत्ता काही नाही, पण वेळ काढण्यासारखंही नाही. दोन रस्ते आहेत. पैसा आपल्या पटावर आलाय, म्हणजे इकडं करायचं तर आपल्या जोडीचं जिल्ह्याचं रुग्णालय. तिथं मार्चच्या मध्यापर्यंत तारीख नाही. नागपूरला मी विचारलं, तिथं याच शुक्रवारी घेतील. पण तरतूद त्यांच्या खात्यात दिसल्याशिवाय ते ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला हात लावत नाहीत. म्हणजे काकूंनी नाव तिकडं हलवायला हवं, आणि तुम्ही मोकळीक द्यायला हवी.”

“तुम्ही काय कराल?”

“माझी आई असती तर शुक्रवार,” त्या म्हणाल्या. “पण काकू म्हणाल्या, मी हेमंतशी बोलून ठरवते.”

मोकळीक म्हणजे काय, तर नाव हलवायला जुन्या रुग्णालयाच्या लेखापालाची संमती. माझा अंगठा लागला की नाव आणि तरतूद दोन्ही एकदम तिकडं जातात. एका क्षणाचं काम. पण आमच्या जमातीत एक अलिखित रीत आहे: मार्चच्या तोंडावर माणूस सोडायचा नाही. एकतीस मार्चला पटावर ज्यांच्या नावच्या तरतुदी शिल्लक असतील, त्यातला काही हिस्सा रुग्णालयाला दुरुस्ती-खरेदीसाठी मिळतो. त्यामुळं फेब्रुवारी लागला की राज्यातला प्रत्येक लेखापाल मोकळीक अडकवून बसतो. कुणाची सही राहिलेली असते, कुणाचं यंत्र नेमकं बिघडतं, कुणी रजेवर असतं. आम्ही जुना शिमग्याचा पैसा बंद केला, आणि त्याच मार्चला मागच्या दारानं घरात घेतलं. आमचीच माणसं, दुसरं काय!

दुपारी जिल्ह्याहून भोईटे साहेबांचा फोन. ते आमचे लेखाधिकारी. एवढी मोठी तरतूद आली की त्यांच्या पडद्यावर लगेच झळकते.

“कासुर्डे, बघितली मी. मिसेस आहेत ना तुमच्या? वाईट वाटलं ऐकून. काळजी करू नका, इकडं आणा, मी जिल्ह्याला शब्द टाकतो. पण नाव सोडू नका. तुमच्या मॅडमना बाळांची काचपेटी हवीय ना, वर्षभर माझं डोकं खातायत त्या. ही एक तरतूद एकतीस तारखेला पटावर राहिली, तर तुमच्या हिश्श्यात पेटी बसते. मग एप्रिलमध्ये खुशाल करा ऑपरेशन.”

“साहेब, मुदत सहा आठवडे आहे.”

“अहो, सहा म्हणजे सहाच का? यंत्र आहे ते. जरा तब्येतीनं घ्या.”

फोन ठेवला आणि खरं सांगतो, मला त्या माणसाचा राग आला नाही. उलट बरं वाटलं. कारण मला जे हवं होतं, तेच मला कार्यालय सांगत होतं. ती आली असती. जिल्ह्याला शस्त्रक्रिया, मग महिना-दोन महिने विश्रांती, ती कुठं, तर पाथरघळला, आमच्या घरी. मी तिला पेज करून दिली असती. ती म्हणाली असती, मीठ कमी आहे. वर गावाला काचपेटी. कुणी मला नावं ठेवली नसती. मी मनातल्या मनात मागची खोली झाडूनसुद्धा घेतली, उशीचे अभ्रे बदलले.

संध्याकाळी घरी पोचतो तोच तिचा फोन आला. संदेश नाही, फोन. कितीतरी महिन्यांनी.

“हेमंत.”

“बोल.”

“तुला सकाळीच कळलं ना? माझ्या आधी?”

“हो.”

“कसं वाटलं?”

असा प्रश्न फक्त तीच विचारू शकते. मी म्हणालो, “पाय गेले माझे.”

ती मग म्हणाली, “ती डॉक्टर चांगली आहे तुझी. सगळं नीट समजावलं तिनं. नागपूरला शुक्रवारी होईल म्हणते. इथं माझ्या मैत्रिणी आहेत, रजनी सोबत राहायला तयार आहे. सगळं आहे.” मग हळूच म्हणाली, “पण मला ना, एकदम घर आठवलं रे. आपलं. मागच्या खोलीच्या खिडकीतून तो डोंगर दिसतो ना, तो. आज वर्गात उभी होते आणि तो डोंगर डोळ्यांसमोरून जाईचना. तू सांग. येऊ का?”

येऊ का.

हे दोन शब्द ऐकायला मी इतकी वर्षं थांबलो होतो. झोपताना, उठताना, चहा गाळताना मी ते तिच्या आवाजात ऐकले होते. त्यांचं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. ‘ये’ म्हटलं असतं तर ती रात्रीच्या गाडीनं निघाली असती. घाटातला रस्ता, जिल्ह्याची तारीख मार्चच्या मध्यानंतर, भोईट्यांचं ऐकलं तर एप्रिलातच, तोवर तिच्या छातीत ती लाट घाईघाईनं परतत राहणार. कदाचित काहीच झालं नसतं. भोईटे म्हणाले तसं, सहा म्हणजे सहाच का?

पण तरतुदींच्या सूचना मी वाचल्यात. सहा म्हणता तिसऱ्या आठवड्यात गेलेली नावंही मीच पटावरून काढलीत.

“नको,” मी म्हणालो.

“काय?”

“येऊ नकोस, वृषाली. शुक्रवारी तिथंच करून घे. आत्ता फोन ठेवलास की नाव बदलायचा अर्ज टाक. मी सकाळी मोकळीक देतो.”

 मला तिचा श्वास ऐकू येत होता.

“मार्चच्या तोंडावर?” ती म्हणाली. लेखापालाची बायको, तिला सगळं माहीत.

“हो.”

“बरं,” ती म्हणाली आणि फोन बंद झाला. मी तिथंच जमिनीवर बसलो आणि मोठ्यानं रडलो. शेजारी ऐकू गेलं असेल तर गेलं असेल.

सकाळी दवाखान्यात गेलो तर डॉक्टर मुजावर माझ्या खोलीत आधीच येऊन उभ्या. भोईट्यांनी त्यांनाही फोन केला होता.

“त्या पैशावर काचपेटी येते, हे मला माहीत आहे, काका. गेल्या महिन्यात पांगारीच्या बाईचं बाळ मी मांडीवर घेऊन जिल्ह्याला पोचवलंय. मला पेटी हवीय. पण अशी नकोय. तुम्ही सोडा.”

वृषालीचा अर्ज आला होता. मी पट उघडला. जगताप वृषाली, चौऱ्याहत्तर. चहा घेत असेल. मी थोडा वेळ नुसता बघत बसलो. चौऱ्याहत्तर, त्र्याहत्तर, पुन्हा चौऱ्याहत्तर. मग अंगठा ठेवला.

तिची ओळ पटावरून गेली. खालची नावं एकेक ओळ वर सरकली आणि तिच्या जागी कुणी जंगम म्हणून एक म्हातारे आले. पडद्यावर काही बदल झालाय हे दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं.

शुक्रवारी माझं कामात चित्त लागेना. सवयीनं दहा वेळा ‘ज’पर्यंत गेलो आणि जंगम आजोबांची नाडी बघून परत आलो. म्हणजे हे असं असतं! ज्या माणसांची दुखणी मी रोज आधी वाचतो, त्यांच्या घरचे सगळे दवाखान्याच्या ओट्यावर असेच बसत असणार, काही ठाऊक नसताना. मला कधी असं बसावंच लागलं नव्हतं.

दुपारी बसथांब्यावर गेलो. बबननं माझ्यापुढं वडा ठेवला. मी तो तसाच ठेवला. त्यानं कढईखालचा गॅस बारीक केला, दोन पावलं पुढं आला आणि हळू आवाजात म्हणाला, “साहेब, बरं हाय ना?”

“माहीत नाही, बबनदा,” मी म्हणालो. “खरंच माहीत नाही मला.”

तो माझ्याशेजारी बाकावर बसला. गिऱ्हाईक आलं तरी उठला नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत रजनीबाईंचा फोन आला. व्यवस्थित पार पडलं, शुद्धीवर आली, पाणी मागितलं, आणि परिचारिकेनं सलाइनचा वेग चुकीचा लावला म्हणून तिच्याशी वादही घातला. हे ऐकल्यावर मला पूर्ण खात्री पटली.

काचपेटी यंदा आली नाही. भोईटे साहेब अजून माझ्याशी सरळ बोलत नाहीत. मॅडमनी कुठूनतरी एक जुनी पेटी मागवलीय आणि ती दुरुस्त करून घ्यायच्या मागं लागल्यात. आता नागपुरातला कुणी लेखापाल रोज सकाळी वृषालीची नाडी बघत असेल. बघू दे. त्याला त्यातलं काय कळणार!

मार्चच्या दुसऱ्या रविवारी मी फोन हातात घेतला. तिला घरी सोडलं होतं. समोर भाजी होती, ती तशीच राहिली. मला काहीही माहीत नव्हतं. ती झोपलीय की जागी, चिडलीय की शांत, काही नाही. मी आपला आंधळ्यासारखा नंबर लावला.

“कशी आहेस?” मी विचारलं.

तिकडून ती हसली, तेच निघतानाचं हसणं.

“किती वर्षांनी विचारलंस रे. तू कधी विचारायचासच नाहीस. तुला सगळं आधीच माहीत असायचं.”

“तुला कसं कळलं मी बघतो ते?”

“हेमंत, मी तुझ्याबरोबर संसार केलाय. तू पट उघडल्यावर आधी कुठं जाशील ते मला कळणार नाही? म्हणून तर नाव ठेवलं होतं तिथं. म्हटलं, बघून तरी एखाद्या दिवशी फोन करेल. गेल्या वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला मी आमच्या इमारतीचे जिने तीनदा चढले आणि उतरले. मुद्दाम. तू घाबरून फोन करशील म्हणून.” मग म्हणाली, “नाही केलास.”

 आठवडाभर अर्थ लावत बसलो होतो मी, आणि शेवटी लिफ्टवर खापर फोडलं होतं.

“ऐक,” ती म्हणाली. “फोन कानाला नीट लाव.”

तिनं बहुतेक एका हाताची बोटं मनगटावर ठेवली असावीत आणि फोनवर नखानं वाजवायला सुरुवात केली. टक, टक, टक. अगदी सावकाश, सारखी.

“मोजतोयस ना?”

“नाही गं.”

“खोटारडा.”

टक, टक, टक. खिडकीबाहेर तिचा तो डोंगर होता, वणव्यानं अर्धा काळा झालेला. टेबलावर भोईट्यांची तीन पत्रं वर्षअखेरीचा हिशोब मागत पडली होती.

“वृषाली, मी येऊ का?”

टकटक थांबली.

“मार्चमध्ये?” तिनं विचारलं.

“मार्चमध्ये. उद्याच निघतो. रजेचा अर्ज मॅडमकडं दिलाय.”

थोड्या वेळानं टकटक पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा बरीच जलद. या वेळी मी मोजली नाही.